रस्त्यात नसलेल्या मांजराबद्दल

ती. वहिनींस,
मुक्काम खालचा मजला.

वरच्या मजल्यावरून धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला तब्येतीची चौकशी करायची रीत आहे, पण आपल्या दोन घरांमध्ये एक जमीन सोडली तर आडपडदा असा काही नाहीच. सकाळी तुम्हाला लागोपाठ दोन शिंका आल्या. मग तुम्ही दादाला डोळ्यांत थेंब घातले का म्हणून विचारलंत आणि तो घातले म्हणाला. (घातले नव्हते. थेंबांची बाटली परवापासून आमच्या फ्रिजवर आहे. तो गप्पा मारायला आला तेव्हा विसरून गेला. पत्राबरोबर पाठवतोय, माझं नाव सांगू नका.) तेव्हा शिंका सोडल्या तर तुम्ही दोघं खुशाल आहात असं धरून चालतो. आमच्याकडे ही खुशाल आहे. मी कसा आहे ते पुढे येईलच.

एक जिना उतरलं की तुमचं दार, आणि हा माणूस कागद-पेन घेऊन बसलाय, म्हणजे याने काहीतरी घोटाळा करून ठेवलाय, हे तुम्ही एव्हाना ओळखलं असेल. आज दोनदा जिना उतरून आलो होतो. पहिल्यांदा तुम्ही दार उघडलंत तेव्हा मी वाटीभर मीठ मागितलं. दुसऱ्यांदा दादाने उघडलं तेव्हा तेच मीठ परत केलं. दादाने ते शांतपणे घेतलं आणि आज काय स्वयंपाक नाही का म्हणून विचारलं. तोंडाने सांगणं आपल्याच्याने होत नाही हे असं दोनदा सिद्ध झाल्यावर शेवटी पत्राला बसलो.

काल संध्याकाळी जिन्यात तुम्ही मला थांबवून जे बोललात त्याच्यासाठी हे पत्र. तुम्ही म्हणालात, “भाऊजी, गाडीच्या परीक्षेच्या दिवशी रस्त्यात मांजर नव्हतं हे मला तेव्हाच माहीत होतं. मीच काहीतरी भलतं केलं असणार, म्हणून तुम्हाला ब्रेक दाबावा लागला. आणि चारचौघांत माझी लाज राखायला तुम्ही मांजर पुढे केलंत. तुमचे उपकार आहेत.” वर हेही म्हणालात की गाडीने घरोघरी जाऊन पेशंट बघायची ती नवी नेमणूक तुम्ही सोमवारी मेट्रनना भेटून नाकारणार, कारण जिच्या गाडी चालवण्याने शिकवणाऱ्याच्याच पोटात गोळा येतो त्या बाईने रस्त्यावर येऊ नये. म्हणजे पुन्हा ती वॉर्डातली रात्रपाळी, पुन्हा ते दुखरे गुडघे. वहिनी, मांजर नव्हतं एवढं खरं आहे. बाकीचं एक अक्षर खरं नाही. तुम्ही उपकार म्हणालात तेव्हा मी “असू द्या, असू द्या” म्हणालो, आणि वर येऊन अंघोळीची वेळ नसताना बाथरूममध्ये जाऊन बसलो. तुम्ही मेट्रनकडे जायच्या आत हे पत्र वाचून संपवा, एवढीच घाई आहे. पत्र लांबेल. लाज वाटणाऱ्या गोष्टीकडे मला सरळ जाता येत नाही, आडवळणानेच यावं लागतं.

सुरुवात दुसऱ्या गाडीपासून होते. आपल्या ड्रायव्हिंग स्कूलला एकच गाडी आहे हे तुम्ही जाणताच. तिच्या क्लचवर आजवर इतक्या लोकांनी पाय दिलाय की तिने कधीही मान टाकावी. एका ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे दोन्ही बाजूंना पेडल असलेली जुनी पण धडधाकट गाडी आली होती. तो चार महिने ती माझ्यासाठी ठेवायला तयार होता. बहुतेक पैसे जमले होते. थोडे कमी पडत होते. ‘थोडे’ हा शब्द फार वाईट आहे वहिनी. खूप कमी पडत असते तर मी गप्प घरी बसलो असतो.

त्या दिवसांत माझ्याकडे शिकायला एक गृहस्थ येत असत (अजूनही येतात, सहावा महिना चालू आहे). शेअर दलालाच्या ऑफिसात नोकरीला आहेत, म्हणून आमच्याकडे त्यांना सगळे ‘बाजार’ म्हणतात. स्टिअरिंग असं धरतात की जणू कुणीतरी दोन मिनिटं सांभाळायला दिलंय. या बाजारकडून मला कळलं की पैसे वाढवायचे दोन रस्ते आहेत. एक इंडेक्स फंड. बाजारातल्या मोठ्या कंपन्यांची एक ठरलेली यादी असते, तुमचे पैसे त्या सगळ्यांत थोडे थोडे वाटले जातात. कुणी वर जाईल, कुणी खाली येईल, सगळ्यांचं मिळून जे होईल ते तुमचं. दुसरा रस्ता फ्युचर्स. त्याच यादीचा पुढच्या तारखेचा सौदा आजच्या भावात ठरवून टाकायचा. पूर्ण रक्कम द्यायची नाही, थोडी अनामत ठेवायची, आणि नफा-तोटा मात्र पूर्ण रकमेवर मोजायचा. बाजारच्या भाषेत पहिलं म्हणजे बसचं तिकीट आणि दुसरं म्हणजे ट्रकची किल्ली. मी विचारलं, चार महिन्यांसाठी यातलं कुठलं बरं? ते म्हणाले, चार महिन्यांसाठी कुठलंच बरं नाही. वहिनी, हे वाक्य सोन्याने मढवून ठेवण्यासारखं होतं. पण ते त्यांनी गाडी मागे घेताना उच्चारलं, आणि गाडी मागे घेताना बाजार जे जे करतात त्यातल्या कशावरच विश्वास ठेवायचा नाही, अशी मला सवय लागलेली आहे.

हिलाही विचारलं होतं. ही औषधाच्या दुकानात काउंटरवर असते, त्यामुळे तिचा सल्ला नेहमी डोस सांगितल्यासारखा येतो. बँकेत ठेवा, चार महिने, मध्ये हात लावायचा नाही. एवढं सांगून ती भाजी निवडायला बसली. इतका साधा सल्ला मला अपमानासारखा वाटला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, माझ्याकडे तर बैलही उसनवारीचाच.

तर आधी मी सज्जनासारखा इंडेक्स फंड घेतला. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी फोनवर बघितलं तर पैसे वाढलेले, साधारण एका चहाइतके. मी लगेच चहा प्यायलो. तिसऱ्या दिवशी तेवढेच कमी झाले, म्हणजे तो चहा मी माझ्याच पैशाने प्यायलो असं ठरलं. चौथ्या दिवशी जरा जास्त घसरले आणि माझा उजवा पाय टेबलाखाली काहीतरी शोधायला लागला. तुम्ही माझ्या शेजारी बसून शिकलात, तुम्हाला वेगळं सांगायला नको. माझ्या बाजूला ब्रेक आहे, ॲक्सिलरेटर नाही. या एका वाक्यात माझं सगळं चरित्र आलं. समोरचा चुकायच्या आत दाबायचा, यावर माझं पोट चालतं. कशाचा वेग वाढवायचं काम मला आयुष्यात कुणी दिलेलं नाही. त्यामुळे घसरतंय म्हटल्यावर मी विकायचं बटण दाबलं. दुपारची वेळ होती. फोनवर उत्तर आलं, आज बाजार बंद होताना जो भाव असेल त्या भावाने विक्री होईल.

म्हणजे ब्रेक दुपारी दाबायचा आणि गाडी संध्याकाळी थांबणार! मी बाजारना विचारलं, हे काय आहे? ते म्हणाले, त्या फंडाचं असंच असतं, आणि असं दुपारी उठून बटण दाबायची वस्तूच नाही ती. ती घ्यायची असते आणि विसरून जायची असते. आता विसरणं आणि मी! समोरच्या सिग्नलला किती वेळ लाल असतो हे मला झोपेतही माहीत असतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत भाव पुन्हा वर गेला, मी विकून बसलो, दुसऱ्या दिवशी आणखी चढ्या भावाने परत घेतला. असं पंधरवडाभर चाललं. बाजार चढत असताना मी तोटा करून दाखवला. आमच्या बाजारनी हे त्यांच्या ऑफिसात दोघा-तिघांना कौतुकाने सांगितलं म्हणे.

आता माझी निवड कशी झाली ती ऐका, कारण अशी निवड दुसऱ्या कुणी शहाण्याने केली नसेल. लोक फ्युचर्सकडे लवकर श्रीमंत व्हायला जातात. मी गेलो कारण त्याचा ब्रेक जागच्या जागी लागतो. विचारून घेतलं होतं मी. बटण दाबलं की सौदा त्याच क्षणी बंद होतो का? होतो, म्हणाले. मग झालं तर. त्या गाडीचा वेग किती, वजन किती, उतारावर काय करते, हे काही मी विचारलं नाही. माझ्याकडे गाडी विकायला येणाऱ्या माणसाला मी हेच तीन प्रश्न आधी विचारतो.

आणि ब्रेक उत्तम होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. सकाळी सौदा घ्यायचा, जरा घसरला की दाबायचं. पुन्हा घ्यायचा, पुन्हा दाबायचं. दर खेपेला दलालीचा एक तुकडा कापला जायचा. एका सकाळी तर मी कुठेही न जाता नुसता थांबत होतो. हिला मी सांगत असे की पैसे बँकेत आहेत. ते खरंच बँकेतून जात होते, त्यामुळे मला ते अगदीच खोटं वाटत नव्हतं. (वाटत होतं. पण आपण आपल्यालाच कसं शेंडी लावतो ते सांगतोय.)

तुमच्या परीक्षेचा दिवस मंगळवार. तुम्ही इस्त्रीचे कपडे घालून वेळेच्या आधीच खाली उभ्या होतात, आणि दादाने तुम्हाला खिडकीतून हात केला तो तुमच्या शेजारच्या खांबाला केला. तुम्ही त्या खांबाजवळ सरकून त्याला उलटा हात केलात. मी हे बघत होतो वहिनी, आणि तरी मला सकाळी घेतलेला सौदा बंद करायचा राहून गेला म्हणून चुटपुट लागली होती. फोन मी मांडीखाली ठेवला. परीक्षेचा नियम मला पाठ आहे. परीक्षक मागे बसतो, शिकवणारा शेजारी. शिकवणाऱ्याच्या पेडलला एक बझर जोडलेला असतो. त्याचा पाय लागला, बझर वाजला, की उमेदवार नापास. कारण सांगता येतं, पण त्याने निकाल बदलत नाही. म्हणून मी परीक्षेला बसलेल्या माणसाच्या शेजारी नेहमी पाय सीटखाली घेऊन बसतो.

गोल चौक मागे पडला, हॉस्पिटलचा सरळ रस्ता लागला. रस्ता रिकामा होता. मी मांडीखालचा फोन दोन बोटं वर केला आणि बघितलं. आकडा असा कोसळत होता की मला काही सुचेना. अशा वेळी हात बटणाकडे जायला हवा होता. पण इतक्या वर्षांची नोकरी पायाची, हाताला कुणी विचारलंच नाही. माझा पाय सीटखालून निघाला आणि सगळं अंग त्याच्यावर टाकून मी गाडीचा ब्रेक दाबला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मला ते लिहून काढू द्या, म्हणजे मला पुन्हा गोड करून सांगता येणार नाही. गाडी जागच्या जागी उभी. बझर वाजायला लागला आणि माझा पाय उचलेना म्हणून वाजतच राहिला. परीक्षकांची हनुवटी तुमच्या सीटच्या पाठीवर आपटली. मागच्या पावाच्या व्हॅनवाल्याने हॉर्न वाजवला आणि नंतर बराच वेळ तोंडानेही वाजवला. परीक्षकांनी हनुवटी चोळत विचारलं की काय झालं. माझ्या पाचावर धारण बसलेली. मी म्हणालो, मांजर. त्यांनी विचारलं, कुठलं? मी म्हणालो, काळं. ते म्हणाले, मला दिसलं नाही. तेव्हा तुम्ही समोर बघत, हात स्टिअरिंगवर जिथे ठेवायला शिकवले होते तिथेच ठेवून, हळूच म्हणालात, “मलाही दिसलं नाही हो, माझीच चूक.” परीक्षकांनी काय लिहायचं ते लिहिलं. आणि नापास झाल्यावरही तुम्ही गाडी परत ऑफिसापर्यंत आणलीत, प्रत्येक वळणावर दिवा दाखवत.

फोन सीटखाली पडला होता. तुम्ही आत सही करायला गेलात तेव्हा मी तो चाचपडून काढला. एवढ्या गोंधळात मला सौदा बंद करायला सवडच मिळाली नव्हती, आणि तेवढ्यात भाव पुन्हा चढून सकाळच्याही वर गेलेला. मी तो तिथल्या तिथे विकला. त्या चार महिन्यांतला माझा एकमेव नफा, वहिनी, मी मांजराबद्दल खोटं बोलत असताना झाला.

घरी आल्यावर दादाने विचारलं तेव्हा मी मांजराच्या शेपटीचं टोक पांढरं होतं असंही सांगून टाकलं. शेपटीबद्दल कुणी विचारलं नव्हतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. दादा बिचारा घाबरला. स्वतःच्या डोळ्यांचं हे असं, त्यात बायकोला भर रस्त्यातलं मांजर दिसू नये! त्याने तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडलं आणि तुम्ही मुकाट्याने गेलात. मला तेव्हा वाटलं, मांजर आपल्या नजरेतून सुटलं असं तुम्हालाही वाटतंय. काल जिन्यात कळलं की नाही, माझं खोटं दादासमोर उघडं पडू नये म्हणून तुम्ही त्या खुर्चीवर बसून भिंतीवरची अक्षरं वाचून दाखवलीत. डॉक्टर म्हणाले नजर उत्तम आहे, फक्त वाचायला हलका चष्मा घ्या. त्या चष्म्याची फ्रेम मी आग्रहाने माझ्या पैशाने घेतली, आठवतं? तुम्ही नको नको म्हणत होतात. तो त्या मंगळवारचा नफा होता. माझ्या आयुष्यातला एकुलता एक नफा सध्या तुमच्या नाकावर आहे, आणि हे पत्र तुम्ही बहुधा त्याच्यातूनच वाचताय.

चोराला निदान तेवढ्यावर थांबायची अक्कल असते. मी त्या मंगळवारापासून धडा घेतला, आणि तोही उलटा. ब्रेक दाबला नाही म्हणून नफा झाला, म्हणजे इतके दिवस ब्रेकच नडत होता! मी आणखी मोठा सौदा घेतला आणि हात बांधून बसलो. तो रोज घसरला. रोज संध्याकाळी त्या दिवसाचा तोटा खात्यातून जायचा. मग अनामत वाढवा असा निरोप यायचा, मी वाढवायचो. बुडत्याचा पाय खोलात. बाजार माझ्या शेजारी बसून सांगत होते की आता बाहेर पडा, आणि मी त्यांना सांगत होतो की आरशात बघा. शेवटी एका सकाळी दलालाच्या ऑफिसानेच सौदा बंद करून टाकला. त्यांच्याही बाजूला एक ब्रेक असतो हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या गाडीचे पैसे गेले. ती गाडी गॅरेजवाल्याने समोरच्या रस्त्यावरच्या ड्रायव्हिंगच्या शाळेतल्या बाईंना विकली. रोज माझ्यासमोरून जाते. चांगली चालते.

पैसे गेल्याची लाज वाटते, पण ती लाज मला पेलते. मूर्खपणा केला, शिक्षा झाली. मला पेलत नाही ते वेगळंच आहे. परीक्षेच्या आधी रोज दुपारी तुमच्या स्वयंपाकघरातून पाय आपटल्याचा आवाज यायचा. ही मला म्हणायची, वहिनी खुर्चीवर बसून क्लच-गिअरचा सराव करतायत, ऐक. मंगळवारनंतर तो आवाज बंद झाला. पाच आठवडे मी वर बसून ऐकत होतो की तो आवाज येत नाहीये. का येत नाही ते या घरात फक्त मला माहीत होतं, आणि मी खाली येऊन एक शब्द बोललो नाही. तुम्ही स्वतःला आंधळी, बावळट, धांदरट म्हणवून घेत होतात, आणि मी तुमच्या हातचा चहा पिऊन, “होतं असं कधी कधी” म्हणत होतो. ते मांजर माझ्या फार सोयीचं होतं. मी तेरा वर्षांचा असताना तुम्ही या घरात आलात आणि माझी प्रगतिपुस्तकं दादापासून लपवलीत. त्याची ही परतफेड. जमीन पोटात घेईल तर बरं, पण खाली तुमचंच घर आहे.

आज सकाळी परीक्षकांच्या ऑफिसात जाऊन आलो. सगळं सांगितलं, शेपटीसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि एकच विचारलं की पैसे त्या इंडेक्स फंडातच पडून राहिले असते तर आज किती असते. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. (त्यांच्याकडे तो फंड आहे. घेतल्यापासून त्यांनी तो उघडून बघितलेला नाही. असा माणूस परीक्षक होणारच.) झालेला निकाल बदलता येत नाही म्हणाले, पण महिना संपायच्या आत, येत्या गुरुवारी सकाळी, त्यांनी तुमच्यासाठी नव्या परीक्षेची वेळ काढून दिली आहे. मला तीन महिने कुठल्याही उमेदवाराच्या शेजारी परीक्षेला बसता येणार नाही, आणि हे त्यांनी फार सौम्यपणे सांगितलं. तिथून समोरच्या शाळेत गेलो. त्या बाईंनाही सगळं सांगितलं. त्या इतका वेळ हसल्या की त्यांच्या शिकाऊंनी गाड्या बाजूला घेतल्या. गुरुवारी त्या तुमच्या शेजारी बसतील. माझी व्हायची ती गाडी तुम्हाला परीक्षेला मिळेल, क्लच अगदी हलका आहे. तेव्हा सोमवारी मेट्रनकडे जाल तेव्हा नाही म्हणू नका, गुरुवारपर्यंत थांबा एवढंच सांगा. एवढं मागायचा हक्क मला नाही, पण मागतो.

दादाला माझा नमस्कार सांगा आणि हे पत्र वाचून दाखवा. शेपटीचं टोक पांढरं होतं की नाही यावर त्याने त्याच्या मित्राशी वाद घातलाय, तेवढा मिटवून टाका.

तुमचा,
(दीर म्हणायला नको वाटलं तर वरच्या मजल्यावरचा भाडेकरू म्हटलंत तरी चालेल)

ता. क. आता खरं ते सांगतो. वर एवढं सगळं मी मन मोकळं करायला लिहिलं असं तुम्हाला वाटलं असेल, मलाही लिहिताना तसंच वाटत होतं. पण दुसऱ्या गाडीचे पैसे गेले हे हिला अजून माहीत नाही. ती समजते की गॅरेजवाल्यानेच दगा दिला, आणि त्याच्या दुकानावरून जाताना तोंड फिरवते. ती तुमचं ऐकते. तुम्हाला राग येऊन गेला की, एखाद्या निवांत वेळी, जरा तुमच्या पद्धतीने तिच्या कानावर घालाल का? तेवढा वेळ मी बाहेर कुठेतरी जाऊन येईन.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. वाचला नाही असं समजा. तो लिहीत असताना ही पाठीमागे उभी होती. किती वेळ उभी होती ते विचारायचा धीर झाला नाही. ती जे बोलली त्यातलं बरंचसं पत्रात लिहिण्यासारखं नाही. लिहिण्यासारखं एवढंच की गाडीचं आणि पैशांचं ती माझ्याशी नंतर बोलणार आहे, आज नाही, कारण आज तिला नुसतं माझ्याकडे बघायचंसुद्धा नाही. गॅरेजवाल्याकडे मात्र मी उद्या सकाळीच जाऊन माफी मागायची आहे. गुरुवारी ती रजा काढून तुमच्याबरोबर येणार. मी घरी थांबायचं आहे. हे पत्रही तीच खाली घेऊन येते आहे.

ता. क. तिसरा, ही चपला घालतेय तेवढ्यात. एक राहिलं, आणि खरं म्हणजे सगळ्यात आधी हेच लिहायला हवं होतं. तुम्ही विचाराल की परीक्षा चालू असताना फोनकडे बघायची भाऊजींची छाती तरी कशी झाली. मीही स्वतःला हेच विचारत होतो. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून मी आजवर कधी रस्त्यावरून नजर काढलेली नाही. बाजार चालवत असले की मी एका वेळी एकच डोळा मिटतो. त्या मंगळवारी तुम्ही गोल चौकातून बाहेर पडलात, आरशात बघितलंत, गिअर बदललात, आणि तो बदलल्याचं मला कळलंसुद्धा नाही. शेजारच्या सीटवर मला काही कामच उरलं नव्हतं, वहिनी. म्हणून मी फोन बघितला.